सीक्वेन्सर पहिली स्टेप गिळतोय? दर फर्मवेअर अपडेटला परत येणारा क्लॉक-रीसेटचा घोळ

मंडळी, हा प्रॉब्लेम मला दोन वर्षांत चौथ्यांदा आलाय, म्हणून आता सगळं नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या अपडेटनंतर परत पहिल्यापासून डोकं धरून बसायला नको, मलाही आणि ज्याच्या यूरोरॅकमध्ये, म्हणजे सुटी मॉड्यूल केबलने जोडून केलेल्या सिंथेसायझरमध्ये, हेच चाललंय त्यालाही.

लक्षण असं. प्ले दाबलं की सीक्वेन्सर, म्हणजे ठरवलेले सूर एकेक स्टेपने वाजवणारं मॉड्यूल, पहिल्या स्टेपवरून निघायला पाहिजे, तो दुसरीवरून निघतो. दर वेळी नाही, दहातल्या दोन-तीन वेळा, आणि तेच जास्त त्रासाचं, कारण दर वेळी झालं असतं तर लगेच सापडलं असतं. ड्रम दुसऱ्या मॉड्यूलवरून चालतात ते बरोबर असतात, आणि बेसलाइन एक सिक्स्टीन्थ, म्हणजे पाव मात्रा, पुढे पळते. कधी दुसराच प्रकार होतो, पॅटर्न चालू असताना दर चार बारने रीसेट, म्हणजे 'परत पहिल्या स्टेपवर ये' असा पल्स, पाठवला की त्या जागी भलत्याच सुराचा एक बारीक तुकडा टिक् करून वाजतो आणि मग पहिला सूर येतो. मी लहानपणी काही वर्षं तबला शिकलोय त्यामुळे हे कानाला फार बोचतं, सम चुकल्यावर पुढचं कितीही चांगलं वाजलं तरी मन लागत नाही तसं.

सेटअप सांगतो म्हणजे पुढचं कळेल. केस ८४ एचपीची, एक एचपी ५.०८ मिलिमीटर म्हणजे जेमतेम सव्वाचारशे मिलिमीटर रुंद. त्यात एक मास्टर क्लॉक, म्हणजे सगळ्यांना तालाचे पल्स देणारं मॉड्यूल, एक आठ ट्रॅकचा सीक्वेन्सर ज्याचं फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्राम, ओपन सोर्स आहे, दोन ऑसिलेटर, एक ड्रम मॉड्यूल, बाकी किरकोळ. क्लॉककडून दोन केबल सीक्वेन्सरला जातात, एक क्लॉकची, एक रीसेटची. सीक्वेन्सरचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण हा घोळ एका मॉड्यूलचा नाहीच, क्लॉक आणि रीसेट असे दोन वेगळे जॅक ज्याला आहेत त्या कुठल्याही सीक्वेन्सरमध्ये तो होऊ शकतो. शिवाय असं फर्मवेअर लिहिणारा बहुतेक वेळा एकटाच असतो, नोकरी सांभाळून रात्री कोड लिहिणारा, त्याचं नाव घेऊन तक्रार करत बसण्यापेक्षा त्याला उपयोगी पडेल असं काहीतरी हातात देणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

तर मुळात होतं काय. प्ले दाबल्यावर मास्टर क्लॉक दोन पल्स सोडतो आणि आपल्याला वाटतं दोन्ही एकदम निघाले. इलेक्ट्रॉनिक्समध्ये एकदम असं काही नसतं, कुठलातरी एक आधी पोचतो, मग तो फरक अर्ध्या मिलिसेकंदाचा असो नाहीतर वीस मायक्रोसेकंदांचा. आता समजा रीसेट आधी पोचला आणि सीक्वेन्सर रीसेट आल्याआल्या पहिल्या स्टेपवर उडी मारणारा आहे, तर तो पहिल्या स्टेपवर गेला, मागून अर्ध्या मिलिसेकंदात क्लॉक आला, क्लॉकचं काम पुढे ढकलणं, त्याने ढकललं, झाली दुसरी स्टेप. पहिली वाजली खरं तर, पण अर्धा मिलिसेकंद, ती कुणाला ऐकू येणार. उलट क्लॉक आधी पोचला तर सीक्वेन्सर पुढच्या स्टेपवर जातो, तिचा सूर आणि गेट, म्हणजे सूर वाजवायचा सिग्नल, सोडतो, आणि लगेच रीसेट येऊन त्याला पहिल्या स्टेपवर आणतो. तोच तो टिक्.

दुसऱ्या जातीचे सीक्वेन्सर रीसेट आल्यावर उडी मारत नाहीत, नुसते तयार होऊन बसतात आणि पुढचा क्लॉक आला की पहिली स्टेप वाजवतात. ही पद्धत मला जास्त पटते, पण तिलाही भोक आहे. क्लॉक आधी आला आणि रीसेट अर्ध्या मिलिसेकंदाने मागून आला, तर तो बिचारा पुढच्या क्लॉकची वाट बघत बसतो, म्हणजे १२० बीपीएमला (मिनिटाला १२० मात्रा) पूर्ण १२५ मिलिसेकंद उशिरा पहिली स्टेप. म्हणजे एका जातीत एक स्टेप पुढे, दुसऱ्या जातीत एक स्टेप मागे, आणि कारण एकच, कोण आधी पोचला.

ही उडी मारायची सवय जुनी आहे. ४०१७ नावाची आयसी घ्या, दहा आउटपुटचा काउंटर, घरी बनवलेले कितीतरी छोटे सीक्वेन्सर तिच्यावर चालतात. तिचा रीसेट पिन वर गेला की ती ताबडतोब पहिल्या आउटपुटवर येते, आणि रीसेट वर असेपर्यंत क्लॉककडे बघतच नाही. म्हणजे रीसेटचा पल्स जरा लांब असला आणि आधी आला तर तिथे घोळ होतच नाही, क्लॉकचा पल्स त्याच्या सावलीत निघून जातो. फर्मवेअरवाल्या सीक्वेन्सरमध्ये मात्र रीसेटची फक्त चढती बाजू बघतात, राइजिंग एज, पल्स पुढे किती वेळ वर आहे याच्याशी देणंघेणं नाही, त्यामुळे ते संरक्षण निघून गेलं आणि उडी तेवढी राहिली. मिडीमध्ये, म्हणजे वाद्यं एकमेकांना डिजिटल मेसेज पाठवतात त्या पद्धतीत, हे १९८३ पासून नियमात बांधलेलं आहे, स्टार्टचा मेसेज आला म्हणजे वाजवायचं नाही, स्टार्टनंतरचा पहिला क्लॉक मेसेज हीच पहिली मात्रा, आणि दोघांत किमान एक मिलिसेकंद अंतर ठेवा असंही सुचवलेलं आहे. यूरोरॅकमध्ये सगळ्यांनी मानलेला असा नियम नाही. व्होल्टेज ठरलं, उंची ठरली, पॉवरचा कनेक्टर ठरला, क्लॉक आणि रीसेट यात आधी कोण हे ज्याचं त्याने ठरवलं.

आता हा प्रॉब्लेम दर अपडेटला परत का येतो. हे मला तिसऱ्या वेळी कोड वाचताना कळलं आणि तेव्हा फार मोकळं वाटलं. आमच्या फर्मवेअरमध्ये क्लॉकचा पिन इंटरप्टवर होता, म्हणजे पल्स आला की प्रोसेसर हातातलं काम टाकून तिकडे बघतो, आणि रीसेटचा पिन मुख्य लूपमध्ये, म्हणजे लूप फिरत फिरत तिथे आला की बघतो. म्हणजे केबलवर रीसेट आधी आला तरी प्रोसेसरच्या लेखी तो नंतरचा ठरू शकतो. आणि लूप किती वेळात फिरते हे बाकीच्या सगळ्या कामावर अवलंबून, स्क्रीनवर काही काढायचंय, कार्डवर काही लिहायचंय, एलईडी बदलायचेत. मग एखाद्या व्हर्जनमध्ये कुणीतरी स्क्रीनचा कोड सुधारतो, लूपचा वेळ थोडा बदलतो, आणि दोन महिने बरोबर चाललेला रीसेट परत चुकायला लागतो, जरी रीसेटच्या कोडला कुणी हातही लावलेला नसतो. बरोबर चालत होता तो नशिबाने चालत होता. कोण आधी हे कोडमध्ये ठरवलेलंच नव्हतं. त्यामुळे 'या व्हर्जनमध्ये फिक्स झालं' असं वाटलं तरी विश्वास ठेवू नका, जोवर फिक्स म्हणजे नक्की काय केलं हे वाचलेलं नाही.

पण फर्मवेअरला दोष द्यायच्या आधी आपल्या केबल तपासा, हे मी कळकळीने सांगतो. क्लॉकची केबल मास्टरकडून सरळ येते का, की मधे डिव्हायडर (काही पल्सांमागे एकच पुढे सोडणारं मॉड्यूल), लॉजिक, स्विच असं काही आहे? डिजिटल मॉड्यूलमधून गेलेला पल्स थोडा उशिरा बाहेर पडतो, ४८ किलोहर्ट्झला चालणारं, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल (मोजमापं) घेणारं, आणि १६ सॅम्पलचे गठ्ठे करून काम करणारं मॉड्यूल असेल तर एका गठ्ठ्याचे ०.३३ मिलिसेकंद, ६४ चे गठ्ठे असतील तर १.३३. रीसेट सरळ आणि क्लॉक असा वळसा घेऊन, म्हणजे रीसेट जवळपास दर वेळी आधी पोचणार. पॅसिव्ह मल्टिपलवर, म्हणजे एक सिग्नल अनेक जॅकना नुसता वाटणाऱ्या मॉड्यूलवर, मात्र संशय घेऊ नका, त्याने क्लॉक उशिरा होत नाही, व्होल्टेज थोडं पडतं आणि क्लॉकला त्याने फरक पडत नाही, सुराच्या सीव्हीला, म्हणजे सूर ठरवणाऱ्या व्होल्टेजला, पडतो. मास्टर क्लॉकचा मेनू पण उघडून बघा, रीसेट आउट स्टार्टला पल्स देतो की स्टॉपला की दोन्हीला. काही क्लॉकमध्ये तोच जॅक रन सिग्नल देतो, म्हणजे चालू असेपर्यंत वर आणि थांबलं की खाली, तो रीसेटमध्ये घातला तर वेगळंच नाटक होतं. हे सगळं ज्याला व्हीसीव्ही रॅक या यूरोरॅकच्या सॉफ्टवेअरमध्ये कंप्युटरवर करून बघायचंय त्याने जरूर बघा, तिथे प्रत्येक केबलला बरोबर एक सॅम्पलचा उशीर असतो, त्यामुळे रीसेट सरळ आणि क्लॉक एका मॉड्यूलमधून फिरवून आणला की फरक एका सॅम्पलचा, आणि मॉड्यूल बनवणाऱ्यांसाठी त्यांच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की रीसेटनंतर १ मिलिसेकंदापर्यंत आलेला क्लॉक सोडून द्या. माझ्या पुढच्या सगळ्या मागणीचा आधार हीच ओळ आहे.

आता टेस्ट. प्ले-स्टॉप, प्ले-स्टॉप करत शंभर वेळा बटण दाबायची गरज नाही, मी ते केलंय आणि शेवटी आपण चुकून मोजलं का याचीच शंका येते. त्यापेक्षा असा पॅच, म्हणजे केबलची जोडणी, लावा. आठ स्टेपचा पॅटर्न, पहिल्या स्टेपला मधला सूर, दुसरी-तिसरी-चौथीला खालचा, आणि पाचवी ते आठवीला एकदम वरचा टोचणारा सूर. मास्टर क्लॉक सीक्वेन्सरला द्या, त्याच क्लॉकवर चारने भागणारा डिव्हायडर लावा, डिव्हायडरचा पल्स रीसेटमध्ये घाला आणि त्याच पल्सवर एक किकही वाजवा. सगळं ठीक असेल तर एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार एवढंच फिरत राहणार, पाचवी स्टेप कधी वाजणारच नाही, आणि मधला सूर बरोबर किकवर पडणार.

मग चहा ठेवा आणि ऐका. वरचा सूर पूर्ण लांबीचा वाजला तर सीक्वेन्सर उडी मारणारा आहे आणि रीसेट आधी पोचतोय, कारण रीसेटने एक, क्लॉकने लगेच दोन, मग तीन, चार, पाच. वरचा सूर नुसता चिवचिवल्यासारखा, किकच्या तोंडाशी आला तर क्लॉक आधी पोचतोय. आणि वरचा सूर सुरुवातीला एकदाच पूर्ण वाजून गायब झाला पण मधला सूर किकच्या एक स्टेप मागे पडायला लागला, तर सीक्वेन्सर वाट बघणाऱ्या जातीचा आहे आणि क्लॉक आधी पोचतोय. म्हणजे ऑसिलोस्कोप नसतानाही नुसत्या कानाने तीन प्रकार वेगळे करता येतात. डिव्हायडर आणि क्लॉकच्या केबलांची वाट मुद्दाम बदलून परत ऐका, म्हणजे एकदा रीसेटला वळसा, एकदा क्लॉकला वळसा, मगच टेस्ट पूर्ण झाली म्हणा.

आकडे हवे असतील तर क्लॉक, रीसेट आणि गेट ऑडिओ इंटरफेसच्या तीन चॅनलवर रेकॉर्ड करा. ४८ किलोहर्ट्झला एक सॅम्पल म्हणजे २०.८ मायक्रोसेकंद, आणि एक मिलिसेकंद म्हणजे ४८ सॅम्पल, तेवढं झूम केलं की स्पष्ट दिसतं. इंटरफेसला डीसी चालत नसेल तरी चालेल, पल्स वाकडा दिसेल पण चढण्याचा क्षण बरोबर दिसतो. लेव्हल मात्र अटेन्युएटरने कमी करून घ्या. आणि बाजारात मिळणारा आठ चॅनलचा स्वस्त लॉजिक अॅनालायझर सरळ रॅकला लावू नका, तो साधारण ५ व्होल्टचा असतो आणि आपले गेट ८-१० व्होल्टपर्यंत जातात, एलएफओ (मंद ऑसिलेटर) क्लॉक म्हणून वापरला असेल तर उणे व्होल्टही येतं. आधी एक डायोड सिरीजमध्ये, मग १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरचा डिव्हायडर, मगच अॅनालायझर.

याच्यासारखेच दिसणारे दोन-तीन प्रॉब्लेम आहेत ते आधी बाजूला काढा. टेम्पो ४० बीपीएमवर आणा, मग २४० वर न्या. चूक होण्याचं प्रमाण साधारण तेवढंच राहिलं तर ती वर सांगितलेली, कोण आधी पोचतो याची शर्यत आहे. पण चूक म्हणजे एक ठराविक उशीर असेल आणि तो टेम्पोबरोबर ताणला जात असेल, १२० ला वीसेक मिलिसेकंद आणि ४० ला बासष्ट, तर तो २४ पीपीक्यूएनच्या (एका मात्रेत २४ पल्स) क्लॉकचा एक टिक आहे, कुठेतरी मिडीचा स्टार्टच पहिला टिक म्हणून मोजला गेलाय किंवा पहिला टिक टाकून दिलाय. ते वेगळं, त्याची वेगळी तक्रार. दुसरं, पहिली स्टेप बरोबर वाजते पण सूर आधीच्या स्टेपचा, मग घसरत खरा सूर येतो, हे गेट आधी आणि सीव्ही नंतर बाहेर पडल्यामुळे, त्याला गेट एक-दोन मिलिसेकंद मागे ठेवायची सेटिंग लागते. तिसरं, पल्स एक मिलिसेकंदाहून लहान असेल तर काही फर्मवेअरला तो दिसतच नाही, मास्टर क्लॉकमध्ये पल्सची लांबी ५ मिलिसेकंद करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

तात्पुरता इलाज. सीक्वेन्सर वाट बघणाऱ्या जातीचा असेल तर सोपं आहे, त्याच्या क्लॉकला एक-दोन मिलिसेकंद उशीर करा म्हणजे रीसेट कायम आधी पोचेल. त्यासाठी ट्रिगर डिले मॉड्यूल चालतं, डोएफरचा ए-१६२ अशाच कामाचा आहे, नॉब जवळजवळ शून्यावर ठेवायचा. दोन मिलिसेकंद म्हणजे स्पीकर साधारण सत्तर सेंटिमीटर मागे सरकवल्याइतका फरक, ग्रूव्हला काही होत नाही. उडी मारणाऱ्या जातीला हा इलाज उलटा पडतो, तिथे लॉजिक लागतं, 'क्लॉक आहे आणि रीसेट नाही' असं असेल तेव्हाच क्लॉक पुढे सोडायचा, म्हणजे ४०१७ चं ते जुनं संरक्षण बाहेरून लावायचं. इथे एक गोष्ट मला दोन संध्याकाळ घालवून कळली, रीसेटचा पल्स क्लॉकच्या पल्सपेक्षा लांब हवा. क्लॉक १० मिलिसेकंदांचा आणि रीसेट ५ चा असेल तर रीसेट संपल्यावर क्लॉक अजून वरच असतो, लॉजिकचा आउटपुट तेव्हा वर जातो आणि सीक्वेन्सरला तो नवा क्लॉक वाटतो, म्हणजे परत दुसरी स्टेप. आणि रीसेट आधी पोचायला हवा, म्हणून इथेही क्लॉकला थोडा उशीर हवाच. शिवाय काही सीक्वेन्सर नुसत्या रीसेटवर गेट सोडत नाहीत, त्यांच्यात असं केलं तर पहिली स्टेप मुकी राहते. म्हणून म्हणतो, हे खरं फर्मवेअरमध्येच सुटायला पाहिजे, मॉड्यूल वाढवून नाही.

आता फर्मवेअर लिहिणाऱ्याला सांगायचं कसं. माझी पहिली तक्रार होती 'नवीन व्हर्जनमध्ये रीसेट नीट चालत नाही', आणि त्यावर काही झालं नाही, कारण त्याच्या टेबलावर तो नीट चालत होता. त्याची केबलची वाट वेगळी, त्याचं क्लॉक वेगळं. चौथ्या वेळी मी असं लिहून दिलं: 'व्हर्जन अमुक, नवा रिकामा प्रोजेक्ट, एकच ट्रॅक, आठ स्टेप. बाहेरचा क्लॉक, ४ पीपीक्यूएन, पल्स ५ मिलिसेकंद, १२० बीपीएम. रीसेट क्लॉकच्या ०.४ मिलिसेकंद आधी येतो, रेकॉर्डिंग जोडलंय. अपेक्षा, पहिली स्टेप वाजावी. प्रत्यक्षात दुसरी वाजते. केबल अदलाबदल करून रीसेट ०.४ मिलिसेकंद नंतर आणला तर पाचव्या स्टेपचा तुकडा वाजून पहिली येते. मागच्या आधीच्या व्हर्जनमध्ये हे होत नव्हतं.' एवढंच. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.

रिकामा प्रोजेक्ट हे महत्त्वाचं आहे, जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट नव्यात उघडला की कधीकधी एखादी सेटिंग भलतीच येते आणि आपण दोन दिवस चुकीच्या मागे धावतो. आणि नक्की कुठल्या व्हर्जनपासून बिघडलं हे शोधायचं असेल तर ओळीने एकेक टाकत बसू नका. चांगलं माहीत असलेलं आणि बिघडलेलं यांच्या मधलं घ्या, ते चांगलं की वाईट बघा, मग उरलेल्या अर्ध्यातलं मधलं. सोळा व्हर्जन असतील तर चार टेस्टमध्ये सापडतं. प्रत्येक व्हर्जनला वरचा पॅच किमान दहा मिनिटं चालू ठेवा, कारण अधूनमधून होणारी चूक दोन मिनिटांत नाही दिसली म्हणजे नाहीच असं नसतं. कार्डवरचे प्रोजेक्ट आधी कंप्युटरवर काढून ठेवा. अपडेट ऑडिओ फाइल वाजवून करायचा प्रकार असेल तर वेव्ह फाइलच वाजवा, एमपी३ नाही, आणि फोनवरून वाजवत असाल तर नोटिफिकेशन बंद करा, मधेच टुण् वाजलं की अपडेट अर्धवट. मॉड्यूल बाहेर काढायला लागलं तर आधी पॉवर बंद, आणि परत लावताना रिबनची लाल कड उणे १२ व्होल्टकडे, घाईत हीच चूक होते आणि मग फर्मवेअरचा प्रश्नच उरत नाही. आपल्याकडून मॉड्यूल दुरुस्तीला परदेशी पाठवायचं म्हणजे कुरिअर, कस्टम्सचे कागद आणि महिनोन्महिने रिकामी जागा, म्हणून एवढं बजावतो.

तक्रारीसोबत मी मागणीही दिली, आणि ती लिहायला तक्रारीपेक्षा जास्त वेळ लागला. नुसतं 'रीसेटनंतर क्लॉक सोडून द्या' म्हणणं सोपं आहे. पण किती वेळ? मी आधी १० मिलिसेकंद लिहिलं होतं, मग हिशोब केला. २४ पीपीक्यूएनचा क्लॉक २४० बीपीएमला दर १०.४ मिलिसेकंदांनी येतो, ३०० ला ८.३ ने. म्हणजे १० मिलिसेकंदांची खिडकी खरा क्लॉकच गिळून टाकेल आणि आपण एक प्रॉब्लेम सोडवून दुसरा तयार केलेला असेल. शिवाय काही लोक सीक्वेन्सरला ऑडिओच्या वेगाने क्लॉक देतात, त्याचाच ऑसिलेटर करतात, त्यांचा क्लॉक हजार हर्ट्झचा असेल तर दर मिलिसेकंदाला एक, त्यांना ही खिडकी शून्यच हवी. म्हणून मागणी अशी केली की खिडकी ० ते ५ मिलिसेकंद सेट करता यावी, आणि फर्मवेअरने ती दोन क्लॉकमधल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त कधीच होऊ देऊ नये. मग दुसरी बाजू, क्लॉक आधी आणि रीसेट मागून. तिथे दोनच रस्ते आहेत. एक, प्रत्येक क्लॉकवर एक-दोन मिलिसेकंद थांबून रीसेट येतोय का बघायचं, म्हणजे टिक् कधीच नाही पण सगळंच कायम तेवढं उशिरा. दोन, लगेच वाजवायचं आणि मागून खिडकीत रीसेट आला तर तोच क्लॉक पहिल्या स्टेपचा होता असं मानायचं, सूर बदलायचा पण गेट परत सोडायचा नाही, म्हणजे एन्व्हलप (सुराचा चढउतार) दोनदा वाजणार नाही. मला दुसरा बरा वाटतो. एक मिलिसेकंद चुकीचा सूर आवाज चढायच्या आधीच निघून जातो, आणि सगळ्या गाण्यावर कायमचा उशीर लादावा लागत नाही. ज्याचा आवाज फार टोकदार सुरू होतो त्याला पहिला हवा असेल, तोही विचार लिहून दिला.

आणि जुन्या प्रोजेक्टची वागणूक बदलू नका असंही लिहिलं. जुने प्रोजेक्ट लोकांनी जुन्या वागणुकीवर बसवलेत, कुणी त्यासाठी केबल वाकडी घातली असेल, अपडेट केल्यावर त्यांचं गाणं बदलायला नको. नव्या प्रोजेक्टला नवीन वागणूक, जुना उघडला तर जुनी. मेनूतली प्रत्येक ओळ त्या माणसाला कायम सांभाळायची असते, त्यामुळे एकच ओळ मागितली, तीन नाही.

याच्यासोबत एक जुनी इच्छाही जोडली, ती घोळातूनच सुचली. ट्रॅक पहिल्या स्टेपवर आला की एका आउटपुटवर ट्रिगर मिळावा, आणि सगळे ट्रॅक एकत्र पहिल्या स्टेपवर आले तर वेगळा. मी एका ट्रॅकला सात स्टेप ठेवतो, रूपकासारखे तीन-दोन-दोन, दुसऱ्याला सोळा. ते ११२ स्टेपनंतर परत एकत्र येतात, १२० बीपीएमला १४ सेकंदांनी, आणि त्या क्षणी फिल्टर उघडावा असं मला कधीपासून वाटतंय. आत्ता त्यासाठी दोन डिव्हायडर आणि एक लॉजिक लागतं, आणि त्यांची वाट लांब झाली की परत वरचाच घोळ. मागणी करताना हे उदाहरण दिलं, नुसतं 'समेचा आउटपुट द्या' म्हटलं नाही, कारण वाचणाऱ्याला सम माहीत असेलच असं नाही, पण ७, १६ आणि ११२ कुणालाही कळतं.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी. परफॉर्मर नावाचा ओपन सोर्स सीक्वेन्सर आहे, त्याचं फर्मवेअर कंप्युटरवर सिम्युलेटरमध्ये चालतं. तुमच्या फर्मवेअरला तशी सोय असेल, किंवा इंजिनचा भाग नुसता वेगळा कंपाइल होत असेल, तर टेस्टच लिहून द्या. क्लॉक शून्यावर ठेवायचा, रीसेट उणे २ मिलिसेकंदांपासून अधिक २ पर्यंत ०.१ च्या पायरीने सरकवायचा, म्हणजे ४१ केस, प्रत्येकीत एकच अट, शेवटी पहिली स्टेप असावी आणि गेट एकदाच सुटावा. ही टेस्ट कोडमध्ये राहिली की उद्या कुणी स्क्रीनचा कोड बदलला, इंटरप्ट हलवले, काहीही केलं, तरी नियम मोडला तर रिलीजच्या आधी कळेल. आमच्या फर्मवेअरमध्ये ती गेल्या महिन्यात आली. लूपमधला रीसेटही इंटरप्टवर घेतलाय, दोन्ही पल्सना वेळेचा शिक्का बसतो आणि कोण आधी हे त्यावरून ठरतं.

सध्याच्या बीटावर पॅच रात्रभर चालू ठेवला, रेकॉर्डिंग सकाळी तपासलं, वरचा सूर कुठेच नाही. एक केस अजून बाकी आहे, सीक्वेन्सर पॉजवर असताना रीसेट आला आणि मग क्लॉक न थांबता रन दाबलं तर स्विंग (एकाआड एक स्टेप थोडी उशिरा वाजवायची सेटिंग) असलेल्या ट्रॅकवर पहिली स्टेप थोडी उशिरा पडते. स्विंग शून्य केला की होत नाही. त्याचं रेकॉर्डिंग आज रात्री करतोय, तुमच्याकडे स्विंग ५५ च्या वर ठेवून हे होतंय का बघा, आणि झालं तर क्लॉकचा पीपीक्यूएन आणि पल्सची लांबी टिपून ठेवा.